दर दिवाळीला रंग, दर पावसात पोपडे: रंगाऱ्याचे शब्द आणि भिंतीचं दुखणं

दरवर्षी तीच भिंत आणि तीच जागा. बेडरूमच्या खिडकीखाली, डाव्या कोपऱ्यापासून दोन-अडीच फूट. दसऱ्याच्या आसपास रंग काढायचा, दिवाळीत आलेल्यांनी "छान दिसतंय हं" म्हणायचं आणि पुढच्या जुलैत पलंग सरकवला की मागे फरशीवर पांढरा भुगा, भिंतीला तळव्याएवढाले पोपडे. डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात हे सलग चार वर्षं झालं. रंगारी बदलले, कंपनी बदलली, डिस्टेंपर सोडून महागातलं इमल्शन घेतलं. पोपडे मात्र वेळापत्रक पाळून येत राहिले.

पाचव्या वर्षी जुनी कोटेशनं काढून बसले. चारही कागदांवर जवळपास एकच ओळ: "भिंत घासून, लांबी भरून, दोन हात." लांबी म्हणजे रंगाखाली भिंत सपाट करायला भरतात ती पुट्टी आणि हात म्हणजे थर, एवढ्यावर ती ओळ वाचून मी दरवर्षी मान डोलावली होती. मग एका जुन्याजाणत्या रंगारीकाकांना घरी बोलावलं आणि कागद पुढे ठेवला. त्यांनी विचारलं, "ताई, घासून म्हणजे कुठपर्यंत? आणि दोन हातांत प्रायमरचा हात धरलाय का?" मला यातलं काहीच सांगता येईना. तेव्हा उमगलं की मी आणि रंगारी चार वर्षं एकच शब्द वापरत होतो आणि अर्थ मात्र ज्याचा त्याचा होता. ज्यांच्या घरी अशीच एखादी हट्टी भिंत आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी पोपडा हातात घ्या

रंग निवडण्याआधी, रंगाऱ्याला फोन करण्याआधी, गळून पडलेला एक मोठा पोपडा उचला आणि उलटा करून बघा. दुखणं कुठल्या थरात आहे ते त्याची पाठ सांगते.

पाठ गुळगुळीत आणि नव्या रंगाचीच असेल, तर नवा रंग जुन्याला धरलाच नाही. तेलकट किंवा चकचकीत रंगावर न घासता इमल्शन मारलं की असं होतं. पाठीला पांढरी पूड असेल आणि बोटाला खडूसारखी लागत असेल, तर लांबी सुटली आहे किंवा खाली जुना चुना नाहीतर डिस्टेंपर आहे. पाठीला करडी रेती चिकटून आली असेल, तर मामला प्लास्टरपर्यंत गेला आहे. तिथे कितीही भारी रंग लावला तरी पैसे वाया.

आमच्या पोपड्याची कड उजेडात धरली तर पापुद्रे मोजता येत होते: वर फिकट निळा, त्याखाली क्रीम, मग पिस्ता, मग आम्ही घर घेतलं तेव्हाचा गुलाबी. प्रत्येकाच्या मधे लांबीची पांढरी रेघ. पाठीला रेती, आणि रेतीत बारीक पांढरे तंतू, कापसाची लव असावी तसे. हे तंतू म्हणजे लोणा. विटा, सिमेंट, रेती यांच्यातले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून जातं आणि क्षाराचे स्फटिक मागे राहतात. ते वाढताना रंगाला मागून ढकलतात. लोणा दिसला की भिंतीतून पाण्याची ये-जा चालू आहे हे नक्की समजा.

आता एक बोट ओलं करून शेजारच्या धडधाकट रंगावर दहा-बारा वेळा चोळा. बोटाला रंग आला तर ते डिस्टेंपर आहे किंवा रंगाचा जीव गेला आहे. मग बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा. एके ठिकाणी टणक आवाज येतो, एके ठिकाणी पोकळ वाजतं. पोकळ भागाला पेन्सिलने वेढा घाला. आमच्याकडे पोपडे होते परातीएवढ्या जागेत आणि पेन्सिलचा वेढा झाला दाराच्या फळीएवढा.

पाणी कुठलं, हे ठरल्याशिवाय ब्रश उघडू नका

पहिला प्रश्न: ओल कधी वाढते? फक्त पावसात वाढत असेल तर पाणी बाहेरून येतं. बारा महिने सारखीच असेल तर नळाच्या पाइपवर संशय घ्या. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पाणी वापरण्याआधी पुन्हा बघा. पाठीला बाथरूम असेल तर त्याची जाळी बोळ्याने घट्ट बंद करून दोन-तीन इंच पाणी साठवा, पातळीची खूण करा आणि दिवसभर वाट बघा. तळमजल्याच्या घरात जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत ओल आणि तिच्या वरच्या कडेला लोण्याची आडवी रेघ असेल, तर पाणी पायातून वर चढतंय. तो उपचार वेगळा आणि खर्चिक आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

कधीकधी भिंतीत पाणी नसतंच, खोलीतली दमट हवा गार भिंतीवर जमते. कपाटामागे, बंद खोलीत, कपडे वाळत घातलेल्या जागी काळे ठिपके येतात ती बुरशी बहुतेक वेळा याच जातीची. फरक ओळखायला काकांनी सांगितलेली युक्ती इतकी साधी की राग आला. दुधाची पिशवी कापून, धुऊन, कोरडी करून घ्यायची. भिंतीचा सुटा रंग खरवडून ती वर ठेवायची आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद करायच्या. दोन दिवसांनी पिशवीच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते. बाहेरची बाजू ओली आणि आतली कोरडी, तर दोष हवेतल्या दमटपणाचा. तिथे खिडकी उघडणं आणि पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढणं हाच निम्मा उपाय. बुरशीची जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मात्र ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

आमच्या पिशवीच्या आत जुलैत अक्षरशः ओघळ होते. भिंत पश्चिमेची, पावसाची झड थेट तिच्यावर. बाहेरून दोरीवर उतरणाऱ्या कामगारांनी बघितलं तेव्हा तीन गोष्टी सापडल्या. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे केसासारखी आडवी चीर. काँक्रीट आणि वीट ऊन-पावसात सारखे हलत नाहीत, म्हणून हा सांधा उकलतो. एसीच्या पाइपचं भोक नुसतं कागद कोंबून वर पुट्टी फिरवलेलं. आणि खिडकीच्या खालचा दगड बाहेर उतरता असायचा तो किंचित आत कललेला, म्हणजे पाण्याला आमंत्रणच.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी जाता जाता: सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चात येते, सभासदाच्या नाही. आमच्याकडे आधी "तुमच्या घरातलाच प्रॉब्लेम आहे" असं ऐकायला मिळालं. पिशवीचे तारीखवार फोटो अर्जाला जोडल्यावर आवाज खाली आला.

ज्या शब्दांनी मला चार वर्षं फिरवलं

*घासणे, खरवडणे, टाचे मारणे.* ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिघांची मजुरी वेगळी. घासणे म्हणजे पॉलिश पेपरने वरवर खरबरीत करणं. खरवडणे म्हणजे पत्र्याने (रंगारी लांबी ओढायच्या पट्टीलाच पत्रा म्हणतात) सुटा रंग आणि लांबी काढणं. पत्रा अडेल, म्हणजे घट्ट थर लागेल तिथपर्यंत जायचं, पोपड्याच्या कडेला थांबायचं नाही. टाचे मारणे हे गवंड्याचं काम, छिन्नी-हातोडीने पोकळ प्लास्टर तोडण्याचं. माझ्या कागदावर "घासून" होतं आणि भिंतीला गरज होती तिसऱ्याची. नुसतं घासलेल्या पोकळ प्लास्टरवर चार वेळा रंग चढला, मग पोपड्यांना दोष कसा द्यायचा?

*लांबी आणि पुट्टी.* आपल्याकडे दोन्ही शब्द एकाच अर्थाने फिरतात. जुन्या लोकांची लांबी म्हणजे खडूची पूड आणि बेलतेल (जवसाचं तेल), लाकडाच्या खाचा आणि खिडकीच्या काचा बसवायला. आता भिंतीसाठी दोन प्रकार मिळतात. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पावडरच्या रूपात पिशवीत येते, पाण्यात कालवायची, सिमेंटसारखी कडक होते. अ‍ॅक्रिलिक पुट्टी डब्यात तयार मिळते, ओढायला लोण्यासारखी मऊ, घासायला सोपी, पण ओल सोसत नाही. ज्या भिंतीला एकदा ओल लागून गेली आहे तिथे सिमेंटचीच हवी. तिसरा प्रकार बाजारात विकला जात नाही, तो कामावर तयार होतो: खडूची पूड आणि गोंद. पहिल्याच पावसात ती दह्यासारखी मऊ पडते. पुट्टी कालवताना समोर उभं राहून पिशवी बघा, यात कसला संकोच!

पुट्टीचा थरही मोजका हवा. दोन हात मिळून साधारण दीड मिलिमीटर. भिंतीतला खड्डा नुसत्या पुट्टीने भरला की तो थर स्वतःच्याच वजनाने सुटतो. खड्डा प्लास्टरने भरायचा, पुट्टी फक्त कातडी म्हणून. आणि "पूर्ण लांबी" की "टच-अप लांबी" हे विचारा. टच-अप म्हणजे जिथे खड्डा दिसला तेवढ्यापुरती. रात्री ट्यूबलाइटच्या तिरप्या उजेडात ती ठिगळं स्पष्ट दिसतात.

*प्रायमर.* हा थर दिसत नाही, म्हणून सगळ्यात आधी यालाच कात्री लागते. याचं काम दोन प्रकारचं: पुट्टी रंग पिऊन टाकते ते थांबवणं आणि रंगाला धरायला जागा देणं. नेमका गोंधळ होतो तो क्रमात. अ‍ॅक्रिलिक पुट्टीच्या खाली प्रायमर लागतो. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीखाली सहसा लागत नाही, तिथे भिंत पाण्याने हलकी ओलसर करून घ्यायची. पुट्टी घासून झाल्यावर, रंगाच्या आधी, प्रायमर दोन्हीकडे हवाच. एका रंगाऱ्याने मला "पुट्टीतच प्रायमर असतो" असं सांगितलं होतं आणि मी मान्यही केलं होतं.

*हात.* एक हात म्हणजे एक थर. पण "दोन हात" या बोलीत प्रायमरचा हात मिळवायचा की नाही, याला नियम नाही. "एक प्रायमर, दोन लांबी, प्रायमर, वर रंगाचे दोन हात" असं फोडून लिहून घ्या. गडद रंगावर फिका चढवायचा असेल तर तिसरा हात लागू शकतो, तोही आधीच बोला. हात किती दाट, हेही महत्त्वाचं. बऱ्याच इमल्शनच्या डब्यावर पाण्याचं प्रमाण छापलेलं असतं, एक लिटरला साधारण चारशे मिलिलिटर वगैरे. बरोबरीने पाणी घातलं की हात दोन पडतात आणि रंग एकाचाच बसतो. ओल्या कापडाने पुसलं की सहा महिन्यांत निघायला लागतो तो बरेचदा असाच.

*डिस्टेंपर, प्लास्टिक, लस्टर.* डिस्टेंपर स्वस्त, फारसा धुता येत नाही आणि जुना झाला की पूड सोडतो. त्याच्यावर थेट इमल्शन मारणं म्हणजे पिठावर स्टिकर लावणं. रंगारी ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतात ते इमल्शनच, पाण्यातलं. लस्टर हा तेलातला, चमकदार, धुवायला उत्तम. पण ओलसर भिंतीवर लावू नये, कारण त्यातून वाफ बाहेर पडत नाही आणि आतलं पाणी फुगे काढतं. बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा रंग म्हणजे आपल्याकडे सरसकट स्नोसेम. खरं तर ते एका कंपनीचं नाव. तो लावण्याआधी भिंत ओली करावी लागते आणि नंतर पाणी मारून पिकवावा लागतो, हे मात्र ते नाव घेणारे सोयीने विसरतात.

*वॉटरप्रूफ.* सगळ्यात महागात पडलेला शब्द. तिसऱ्या वर्षी मला "आतून वॉटरप्रूफ कोट मारतो, मग काळजी नाही" असं सांगण्यात आलं आणि मी खूश झाले. पाणी बाहेरून भिंतीत शिरत होतं आणि आम्ही ते खोलीच्या बाजूने अडवत होतो. त्या पावसात तो भाग खरंच कोरडा राहिला, आणि ओल चार फूट पुढे सरकून कपाटामागे निघाली! पाणी जिथून येतं त्या बाजूने अडवायचं. आतला कोट बाहेरच्या दुरुस्तीला जोड म्हणून ठीक आहे, बदली म्हणून नाही.

बाकीचे शब्द सरळ आहेत. कटिंग म्हणजे छत, कोपरे आणि स्विचबोर्डच्या कडा रोलरआधी ब्रशने भरून घेणं. पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक: ऐंशी नंबर ओरबाडतो, पुट्टीला एकशे वीस ते एकशे ऐंशी, शेवटच्या हाताआधी दोनशे वीसच्या पुढचा. शेड मशीनवर मिसळून घेतलेली असेल तर एका भिंतीसाठी लागेल तेवढा रंग एकदम घ्या, दुसऱ्या खेपेला उन्नीस-बीस फरक पडतो. आणि "टोकन" ऐकलंत तर ते रंगाच्या डब्यातलं, रंगाऱ्याला कंपनीकडून मिळणारं कूपन. तुम्हाला विशिष्ट डब्याचा आग्रह का होतोय त्याचं उत्तर कधीकधी त्यात असतं. त्यात गैर काही नाही, माहीत असलेलं बरं.

मग केलं काय

मार्चमध्ये बाहेरचं काम झालं. चीर नुसती लेपली नाही. ती इंग्रजी व्ही आकारात कापून रुंद केली, धूळ काढली आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरली. एसीचं भोक मसाल्याने बंद केलं, पाइपभोवती सीलंट. खिडकीखालचा दगड उखडून बाहेर उतार देऊन बसवला. त्यावर बाहेरच्या रंगाचे दोन हात.

आतून पेन्सिलच्या वेढ्यातलं सगळं प्लास्टर विटेपर्यंत काढलं. लोणा कोरड्या ब्रशने झाडला. पाण्याने धुवायचा मोह होतो, पण मग क्षार विरघळून परत आत जातात. नवीन प्लास्टर केलं, सात दिवस पाणी मारलं. आणि मग काकांनी जे सांगितलं ते ऐकून आईने कपाळाला हात लावला: "आता हा पावसाळा भिंत अशीच राहू द्या."

प्लास्टरचा सिमेंटी करडा तुकडा, ना पुट्टी ना रंग, भर बेडरूममध्ये. जूनपासून दुधाची पिशवी चिकटवलेली. आई रोज सकाळी देवपूजा झाली की आधी पिशवी बघायची आणि "कोरडी आहे" असं हवामान खात्यासारखं जाहीर करायची. ऑगस्टच्या मोठ्या झडीनंतरही आत थेंब नव्हता. रंग मात्र दिवाळीत काढला नाही. गणपती ते दिवाळी हा आपल्याकडे रंगकामाचा हंगाम, पण चार महिने भिजलेल्या बाहेरच्या भिंती तेव्हा नुकत्याच वाळायला लागलेल्या असतात. ज्या भिंतीला ओलीचा इतिहास आहे तिला जानेवारी-फेब्रुवारी बरा. दिवाळीत आईने त्या तुकड्यावर तिची जुनी पैठणी टांगली. पाहुण्यांना ती सजावट वाटली.

जानेवारीत पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन हात, मग घासणं, प्रायमर, इमल्शनचे दोन हात. दोन हातांत चार-सहा तासांचं अंतर. घासून झाल्यावर मी मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरला आणि उंचवटे दाखवले. काका म्हणाले, "आता तुम्हीच धंदा सुरू करा ताई."

मोजणीबद्दल थोडं, कारण इथेही शब्द फसवतो. "स्क्वेअर फुटाचा रेट" म्हटलं की घराचा कार्पेट एरिया की भिंतीचा? दहा बाय बारा, उंची दहा फूट अशा खोलीच्या चार भिंती ४४० चौरस फूट होतात, छत १२०, एकूण ५६०. एक दार तीन बाय सात आणि एक खिडकी चार बाय चार वजा केली तर ५२३. जमीन मात्र फक्त १२०. दर कोणत्या आकड्याला लावलाय आणि दार-खिडकी वजा होणार का, हे काम सुरू होण्याआधी टेप धरून दोघांनी मिळून मोजा. "विथ मटेरियल" दर असेल तर डब्याचं नाव, प्रकार आणि लिटर कागदावर हवेत.

आमच्या शेवटच्या कागदावर एका भिंतीसाठी अकरा ओळी झाल्या. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय. दोन पावसाळे झाले, खिडकीखालची जागा ठणठणीत आहे. मागच्या आठवड्यात हॉलमध्ये, बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर रुपयाएवढा फुगा दिसला. दुधाची पिशवी धुऊन वाळत टाकली आहे, आज रात्री मीटरचा आकडा लिहून झोपेन.